साखरेच्या दोन वाटा

२००४ साली 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एक छोटेसे टिपण छापून आले. सोबत दोन डॉक्टरांचा फोटो होता. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले डॉ. जॉन युडकिन. दोघांच्याही आडनावाचे इंग्रजी आद्याक्षर 'वाय', म्हणून टिपणाचे नावही 'वाय-वाय विरोधाभास'. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा: २२.३. कोणताही तक्ता काढा, दोघेही सडपातळच ठरणार. मग दोघे शरीरातली चरबी मोजणाऱ्या यंत्राखाली झोपले. युडकिनांच्या अंगात चरबी निघाली ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. (साखरेविरुद्ध १९७२ साली पुस्तक लिहून खळबळ उडवणारे जॉन युडकिन ते वेगळे. तेही लंडनचेच, त्यामुळे घोटाळा होतो.)

हे टिपण नेहमी चरबीसाठी सांगितले जाते. 'बघा, भारतीय माणूस बारीक दिसतो पण आतून जाड असतो,' असे म्हणून विषय संपतो. पण साधी वजाबाकी केली तर त्याच आकड्यांत आणखी एक गोष्ट दिसते. उंचीच्या मानाने वजन तेवढेच आणि चरबी दुपटीहून जास्त, म्हणजे दुसरे काहीतरी कमी असणार. ते दुसरे काहीतरी म्हणजे मुख्यतः स्नायू. मधुमेहाच्या बाबतीत आपण पोटाकडे इतके टक लावून बघतो की मांड्यांकडे बघायचे राहून जाते, आणि जेवणानंतरच्या साखरेचा बराचसा हिशेब मांड्यांतच चुकता होत असतो.

ही उणीव जन्मापासूनची दिसते. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास १९९३ साली सुरू केला, आणि त्यांच्या बाळांची मापे इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. पुण्याकडचे बाळ सरासरी २.७ किलोचे, साउदॅम्प्टनचे ३.५ किलोचे. पण हे आठशे ग्रॅम सगळीकडून सारखे कमी झालेले नव्हते. दंड बारीक, पोटातले अवयव लहान. कातडीखालची चरबी मात्र फारशी घटलेली नाही. आईच्या पोटात असताना टंचाई आली तेव्हा शरीराने चरबी राखली आणि स्नायूंवर काट मारली, असा त्याचा अर्थ लावला जातो.

अशी ठेवण घेऊन आलेली माणसे विलायतेत गेली की काय होते, हे पश्चिम लंडनच्या साउथॉलने जगाला दाखवले. तिथल्या वस्तीत पंजाबी बहुसंख्य. १९८५ साली ह्यू मॅथर आणि हॅरी कीन यांनी साउथॉलमधल्या मधुमेहाची शिरगणती प्रसिद्ध केली. वयाचा फरक जमेस धरला तर आशियाई लोकांत निदान झालेला मधुमेह युरोपीय लोकांच्या जवळपास चौपट निघाला. १९९१ साली पॉल मॅकीग आणि सहकाऱ्यांनी लंडनमधल्या ४० ते ६९ वयाच्या तीन हजारांहून जास्त पुरुषांची आणि साडेपाचशेहून जास्त स्त्रियांची तपासणी 'लॅन्सेट'मध्ये मांडली. दक्षिण आशियाई लोकांत मधुमेह १९ टक्के, युरोपीय लोकांत ४ टक्के. शीख, पंजाबी हिंदू, गुजराती हिंदू, मुसलमान, कोणीच सुटले नाही. काहीजण तूप खाणारे, काही शाकाहारी, काही दारूला न शिवणारे. कोणताही एक पदार्थ पकडून त्याच्यावर खापर फोडावे अशी सोय नव्हती. समान होते ते एवढेच की पोटाचा घेर मोठा होता आणि इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नव्हते. याच माणसांचा पुढे वीस वर्षे पाठपुरावा झाला. साउथॉल आणि ब्रेंट या दोन भागांच्या नावाने चाललेल्या त्या अभ्यासातून दिसले की वयाच्या ऐंशीपर्यंत ब्रिटनमधल्या दक्षिण आशियाई लोकांपैकी ४० ते ५० टक्क्यांना मधुमेह होतो. युरोपीय लोकांत हे प्रमाण याच्या निम्मे किंवा त्याहूनही कमी.

या अभ्यासांत मराठी माणसांचा वेगळा रकाना नाही. आपण संख्येने तेवढे कधी नव्हतोच. पण १९३२ साली सुरू झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू डॉलिस हिलला आहे, आणि डॉलिस हिल ब्रेंटमध्येच मोडते. शिवाय पुण्याच्या बाळांचे आकडे आपलेच आहेत. तेव्हा 'ते पंजाबी-गुजराती लोकांचे' म्हणून हात झटकता येत नाहीत. २०१३ साली ब्रिटनच्या नाइस या संस्थेने आशियाई वंशाच्या लोकांसाठी बीएमआयच्या मर्यादा खाली आणल्या, त्याही सगळ्यांना लागू आहेत: २३ पासून धोका वाढता, २७.५ पासून जास्त. यॉर्कशायरच्या शेजाऱ्याला २४ हा आकडा शाबासकीचा वाटेल. कोथरूडहून तिथे गेलेल्या माणसाला तो इशारा आहे.

आता 'शरीर इन्सुलिनला दाद देत नाही' म्हणजे नेमके काय, ते पाहू.

ही कल्पनाही लंडनचीच. टोरांटोत १९२१ साली इन्सुलिन सापडले तेव्हा मधुमेहाचा अर्थ सोपा झाला: इन्सुलिन कमी पडते. पण युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमधले हॅरोल्ड हिम्सवर्थ यांना काही रोगी या व्याख्येत बसेनात. त्यांनी रोग्यांना एकाच वेळी तोंडाने ग्लुकोज आणि शिरेतून इन्सुलिन दिले आणि रक्तातली साखर कशी चढते ते पाहिले. काहींची साखर इन्सुलिनने लगेच दाबली. काहींवर इन्सुलिनचा जणू परिणामच नव्हता. १९३६ साली त्यांनी लिहिले की मधुमेह दोन तऱ्हांचा आहे, आणि दुसऱ्या तऱ्हेत खोट पुरवठ्यात नसून शरीराच्या प्रतिसादात आहे. रक्तातले इन्सुलिन मोजण्याची रीत निघायला तेव्हा अजून दोन तपे बाकी होती! हिम्सवर्थ यांनी निरोगी माणसांच्या आहारावरही प्रयोग केले होते. पिष्टमय अन्न अगदी कमी करून काही दिवस काढले की त्यानंतर दिलेली साखर शरीराला नीट पेलत नाही, असे त्यांना आढळले. म्हणूनच आजही ग्लुकोज पिऊन करायच्या तपासणीआधी तीन दिवस नेहमीसारखे जेवा, असे सांगतात. भात-पोळी एकदम बंद करून आठवड्यात तपासणीला गेलेल्यांची साखर कधी कधी उलट जास्त येते, त्यामागे हेच कारण असते.

प्रतिसाद कोणाचा, तर मुख्यतः स्नायूंचा. मोठ्या माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी फक्त चार-पाच ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे चमचाभर. भात, पोळी, बटाट्याची भाजी असे एक भरलेले ताट पोटात गेले की काही तासांत त्याच्या पंधरा-वीस पट ग्लुकोज रक्तात उतरते. ते तिथे राहून चालणार नाही. काही यकृत उचलते, मेंदू आपला वाटा घेतो, आणि उरलेल्यासाठी मोठे कोठार एकच, अंगावरचे स्नायू. साधारण चारशे ग्रॅम साखर ते ग्लायकोजेनच्या रूपात साठवू शकतात. शिरेतून इन्सुलिन चालू ठेवून मोजमाप केले, तर रक्तातून उचलल्या जाणाऱ्या ग्लुकोजचा ८० टक्क्यांच्या आसपास भाग स्नायूंत जातो.

पण ग्लुकोजला स्नायूच्या पेशीत आपोआप शिरता येत नाही. त्यासाठी ग्लुट-४ नावाची प्रथिने लागतात. त्यांना दारे म्हणू. गंमत अशी की ही दारे पेशीच्या भिंतीत बसवलेली नसतात. ती आत, बारीक पिशव्यांत घडी करून ठेवलेली असतात. निरोप आला की पिशव्या भिंतीकडे सरकतात, दारे बसतात, साखर आत येते. काम झाले की दारे पुन्हा आत. हा निरोप आणणे हे इन्सुलिनचे काम. इन्सुलिन स्वतः मात्र आत येत नाही. ते बाहेरच्या ग्राहीवर बसते. ग्राही आतल्या बाजूने आयआरएस-१ या प्रथिनाला फॉस्फेटची खूण लावते, ते पीआय-३ कायनेजला जागे करते, आणि तिथून निरोप एकेटी नावाच्या एंझाइमपर्यंत पोचतो. एकेटी दोन मोठी कामे करते. एक, पिशव्यांना आत अडवून ठेवणाऱ्या एएस-१६० या प्रथिनाचा लगाम सैल करते. दुसरे, आत आलेल्या साखरेचे ग्लायकोजेन करणारी यंत्रणा सुरू करते.

या साखळीतले कळीचे दुवे स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठात सापडले. बंगालच्या तागावर गिरण्या चालवून मोठे झालेले हे गाव. ताग गेला, आणि गावाचे नाव पुढे जीवरसायनशास्त्रामुळे राहिले. फिलिप कोएन यांच्या गटाने १९९५ साली एकेटी ग्लायकोजेनची यंत्रणा कशी सुरू करते ते दाखवले. १९९७ साली दारिओ अलेसी आणि सहकाऱ्यांनी एकेटीला जागे करणारे एंझाइम शोधले.

साखळीत एवढे दुवे, म्हणजे बिघडायच्या जागाही तेवढ्याच. ग्रीनलंडमधल्या इनुइट लोकांत एएस-१६०च्या जनुकाचा एक मोडका नमुना बराच पसरलेला आहे. आई-बाप दोघांकडून तो मिळालेल्यांना मधुमेहाचा धोका इतरांच्या सुमारे दहापट असल्याचे २०१४ साली दिसले. शेवटून दुसरा एक दुवा तुटला, तर एवढा परिणाम. आपल्याकडे मात्र असा एखादा दुवा तुटलेला नसतो. साखळी शाबूत असते, पण निरोप वाटेत क्षीण होत जातो. याचे मुख्य कारण सापडते ते जागा चुकलेल्या चरबीत.

केंब्रिजमध्ये फिलिप रँडल आणि सहकाऱ्यांनी १९६३ साली मांडले की स्नायूला जळण म्हणून चरबी भरपूर मिळू लागली की तो साखरेकडे पाठ फिरवतो. त्यांचे प्रयोग उंदराच्या हृदयावर आणि श्वासपटलावर होते. ही मांडणी तीस वर्षे टिकली. नंतर अमेरिकेत येल विद्यापीठात जेराल्ड शुलमन यांनी जिवंत माणसाच्या स्नायूत चुंबकीय तंत्राने डोकावून पाहिले, तेव्हा अडथळा रँडल म्हणाले त्याच्याही आधी, साखर आत शिरण्याच्या पायरीवरच दिसला. पेशीत चरबीचे अर्धवट तुकडे साचतात, ते एका वेगळ्या एंझाइमला चेतवतात, आणि ते आयआरएस-१च्या पायरीवर निरोप दाबून टाकते. इन्सुलिन दारावर उभे, ग्राही ठीक, दारेही आत तयार. पण निरोप पोचत नाही. स्वादुपिंड मग आणखी इन्सुलिन सोडते. काही वर्षे हे खपते. रक्ताच्या तपासणीत साखर ठीक दिसते, कारण तिच्यासाठी दुप्पट-तिप्पट इन्सुलिन खर्च होते आहे हे त्या कागदावर येतच नाही.

इथे एक चमत्कारिक गोष्ट सांगायला हवी. रोज लांब पल्ल्याचे धावणाऱ्या खेळाडूंच्या स्नायूंतही चरबी भरपूर असते, मधुमेही माणसाइतकी, कधी त्याहून जास्त. तरी त्यांचे स्नायू इन्सुलिनला उत्तम दाद देतात. फरक असा की खेळाडूची चरबी रोज खर्च होते आणि रोज भरली जाते. बसून राहणाऱ्या माणसाची नुसती पडून राहते आणि तिचे अर्धवट तुकडे होत राहतात. म्हणजे दोष चरबी असण्यात कमी, ती खेळती नसण्यात जास्त.

साखर पेशीत शिरण्याची ही झाली इन्सुलिनची वाट. आता दुसरी वाट. स्नायू आकुंचन पावला की पेशीत कॅल्शियम सुटते, ऊर्जेची चणचण होते, आणि ही चणचण ओळखणारे एएमपीके हे एंझाइम जागे होते. त्याच्या आणि आणखी काही दुव्यांच्या जोरावर तीच ग्लुट-४ची दारे भिंतीवर येतात, इन्सुलिनचा निरोप नसतानाही. चालणारा पाय इन्सुलिनची वाट पाहत थांबत नाही. योगायोग म्हणजे एएमपीकेची ओळख पटवण्यात सर्वांत पुढे असलेले ग्रॅहम हार्डी हेही डंडीचेच. मधुमेह असलेल्या माणसात पहिली वाट तुंबलेली असली तरी ही दुसरी बहुतेक सगळी मोकळी असते. एवढी मोठी सोय निसर्गाने ठेवली आहे आणि आपण 'व्यायामाने कॅलरी जळतात' एवढ्याच हिशेबात ती संपवतो, याचे मला नवल वाटते. कॅलरीच मोजायच्या तर अर्धा तास चालणे म्हणजे जेमतेम दीड पोळी.

शिवाय व्यायाम थांबल्यानंतरही काही तास, कधी दोन दिवस, तो स्नायू इन्सुलिनला जास्त दाद देत राहतो. कोपनहेगनमध्ये एरिक रिश्टर यांनी माणसांकडून एकाच पायाने व्यायाम करून घेतला, काही तास थांबून शिरेतून इन्सुलिन दिले आणि दोन्ही पायांत किती साखर शिरते ते मोजले. श्रमलेल्या पायाने जास्त उचलली. बसून राहिलेल्या पायात काही फरक नाही. रक्त तेच, इन्सुलिन तेच, माणूसही तोच! पुढे पेशीत पाहिले तर ग्राही, आयआरएस-१ या सुरुवातीच्या पायऱ्या व्यायामानंतरही जशाच्या तशा होत्या. बदल होता तो खाली, एएस-१६०च्या पायरीवर. निरोप जितका क्षीण यायचा तितकाच येत होता. ऐकणारा मात्र आता सावध बसला होता. म्हणून हातांचा व्यायाम मांड्यांच्या कामाला फारसा येत नाही, आणि शरीरातले मोठे स्नायू मांड्यांत आणि ढुंगणात असल्याने जिना, चढाव, उठाबशा यांना बाकीच्या हालचालींपेक्षा जास्त मोल आहे. आपल्या आज्या जमिनीवर बसून निवडायच्या, टिपायच्या आणि दिवसातून पन्नासदा उठायच्या, तो प्रकार याच जातीचा. त्याला व्यायाम म्हणायची कोणाची छाती नव्हती एवढेच.

आहार आणि हालचाल यांची एकमेकांशी गाठ कशी पडते, याचा मला आवडलेला प्रयोग बाथ विद्यापीठातला आहे. २०१३ साली तो प्रसिद्ध झाला. धडधाकट अशा २६ तरुणांना आठवडाभर नेहमीपेक्षा दीडपट खायला घातले आणि दिवसाला चार हजार पावलांच्या आत चालायला सांगितले. यातल्या काहींना मात्र रोज ४५ मिनिटे ट्रेडमिलवर पळायला लावले, आणि पळण्यात जेवढी ऊर्जा गेली तेवढे जास्तीचे अन्नही त्यांना दिले. म्हणजे अंगावर चढणारा जास्तीचा साठा दोन्ही गटांत सारखाच. आठवड्यानंतर नुसते बसून खाणाऱ्यांच्या शरीराला तेवढ्याच ग्लुकोजसाठी बरेच जास्त इन्सुलिन सोडावे लागत होते. पळणाऱ्यांत हा बिघाड जवळपास झालाच नाही. जास्तीचे अन्न दोघांनीही खाल्ले होते. त्याचे शरीरात काय झाले हे पायांनी ठरवले.

मग नुसते कमी खाऊन काय होते? याचे उत्तर न्यूकासलच्या रॉय टेलर यांच्याकडे आहे. त्यांनी २०११ साली टाइप-२ मधुमेहाच्या ११ रोग्यांना आठ आठवडे दिवसाला सुमारे ६०० कॅलरींवर ठेवले. पहिल्याच आठवड्यात यकृतातली चरबी झरझर उतरली आणि उपाशीपोटीची साखर सामान्य झाली. हा निकाल गाजला, आणि गाजावा असाच होता. याच धाग्यावर ग्लासगोच्या माइक लीन यांच्यासह त्यांनी मोठा प्रयोग केला. २०१७ साली त्याचे निकाल आले: रोज साडेआठशेच्या आसपास कॅलरींचे सूप आणि शेक घेऊन वजन उतरवलेल्या गटात ४६ टक्के लोक वर्षाअखेर औषधांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होते. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने नंतर ही योजनाच सुरू केली.

पण न्यूकासलच्या त्या पहिल्या प्रयोगातली एक नोंद फारशी कोणी सांगत नाही. यकृत आठवड्यात ताळ्यावर आले, स्वादुपिंड आठ आठवड्यांत बरेच सावरले. स्नायूंचा इन्सुलिनला प्रतिसाद मात्र आठ आठवड्यांनंतरही म्हणण्यासारखा बदलला नव्हता. वजन दीर्घकाळ कमी राहिले तर स्नायूही सुधारतात, हे खरे. तरीही ताटात काटछाट केल्याचा पहिला लाभ यकृताला मिळतो, स्नायूला स्वतः हलावे लागते. पथ्य की व्यायाम, अशी पैज लावणाऱ्यांना म्हणून उत्तर सापडत नाही. दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी काम करतात.

आणि ती ठिकाणे एकमेकांना जोडलेली आहेत. येलच्याच गटाने बारीक पण इन्सुलिनला दाद न देणाऱ्या तरुणांना पिष्टमय पदार्थांनी भरलेले जेवण देऊन साखरेचा माग काढला. स्नायूंनी नाकारलेली साखर यकृताकडे वळली आणि तिथे तिची चरबी झाली. नंतरच्या प्रयोगात जेवणाआधी एकदाच ४५ मिनिटांचा व्यायाम करवला, तर यकृतात अशी नवी चरबी बनणे सुमारे ३० टक्क्यांनी घटले. दारू न पिणाऱ्या, तळकट न खाणाऱ्या काकांच्या सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' येते आणि सगळे चक्रावतात. त्याची सुरुवात बऱ्याचदा त्यांच्या पायांत झालेली असते.

ग्लासगोच्या जेसन गिल आणि नवीद सत्तार यांच्या गटाने हेच दक्षिण आशियाई लोकांत तपासले. २०१० साली त्यांनी दाखवले की सारख्याच दमाचा व्यायाम करताना दक्षिण आशियाई पुरुषांचे शरीर युरोपीय पुरुषांपेक्षा सुमारे ४० टक्के कमी चरबी जाळते. २०१३ साली त्यांनी मध्यमवयीन पुरुषांच्या दोन गटांत दमसास मोजला, म्हणजे जोराच्या व्यायामात शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते ते. दोन्ही गटांतल्या इन्सुलिनच्या प्रतिसादात जो फरक होता, त्याचा दोन-तृतीयांश भाग या दमसासातल्या फरकाने उलगडत होता. एका वेळी केलेल्या मोजणीवरून कारण कोणते आणि परिणाम कोणता हे छातीठोकपणे सांगता येत नाही. पण दमसास ही वाढवता येणारी गोष्ट आहे, आणि जन्माच्या वेळचे वजन नाही. त्याच गटाने असेही मांडले की युरोपीय माणसाला आठवड्याला १५० मिनिटांच्या मध्यम व्यायामातून जे मिळते, त्यासाठी दक्षिण आशियाई माणसाला अडीचशेहून जास्त मिनिटे लागावीत. सरकारी सूचना सगळ्यांसाठी १५० मिनिटांचीच आहे, आणि सोबत आठवड्यातून दोनदा स्नायूंना जोर देणारा व्यायाम. हा दुसरा भाग आपले लोक सरसकट गाळतात. पन्नाशीच्या बाईने वजने उचलायची म्हटले की घरात हसू फुटते.

स्नायू टिकवायचा तर त्याला प्रथिनेही हवीत. ब्रिटनचे प्रमाण आहे वजनाच्या किलोमागे दिवसाला पाऊण ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ४५ ग्रॅम. वाटीभर बऱ्यापैकी घट्ट डाळीतून मिळतात सात-आठ. आपले वरण पातळ, उसळ कधीमधी, आणि ताटाचा मधला भाग भात-पोळीचा. उपासाला तर साबुदाणा. तो जवळजवळ निव्वळ पिष्ट. दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी खिचडीची बशी खाणे म्हणजे बसून राहिलेल्या स्नायूंवर एकदम साखर ओतणे. दाण्याच्या कुटाने थोडी लाज राखली जाते इतकेच.

लेस्टरच्या प्रयोगातून एक गोष्ट विशेष आपल्या कामाची निघाली. तिथल्या संशोधकांनी पासष्टी ओलांडलेल्या दक्षिण आशियाई आणि गोऱ्या मंडळींना एक दिवस सलग बसवून ठेवले आणि दुसऱ्या एका दिवशी दर अर्ध्या तासाने पाच मिनिटे सावकाश चालवले. जेवण तेच. चालण्याच्या दिवशी दोन्ही गटांत जेवणानंतरचे इन्सुलिन कमी लागले, पण दक्षिण आशियाई लोकांत ही घट गोऱ्यांच्या साधारण दुप्पट होती. घाम नाही, बूट नाहीत, जिमची वर्गणी नाही. सहा महिन्यांच्या व्हिसावर मुलाकडे आलेले आई-बाबा पुण्यात रोज भाजी, देऊळ, बाग करून सहज पाच-सहा हजार पावले टाकत असतात. नोव्हेंबरात क्रॉयडनला चार वाजता अंधार पडतो आणि पावले पाचशेवर येतात. कोपनहेगनमध्ये भरपूर चालणाऱ्या तरुणांची पावले दोन आठवडे दीड हजारांवर आणली, तेवढ्यानेही त्यांचा इन्सुलिनचा प्रतिसाद खालावला होता. आई-बाबांची गोळी वाढवण्याआधी घरातल्या घरात दर अर्ध्या तासाने उठवून त्यांना चालवून पाहावे. ज्यांना इन्सुलिन किंवा ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी मात्र चालणे वाढवताना डॉक्टरांना सांगितले पाहिजे. दोन्ही वाटांनी एकदम साखर आत गेली तर रक्तात ती फार उतरते. उपाशीपोटी व्यायाम करणाऱ्यांनी तर नक्कीच.

राहता राहिले आठवडाभर खुर्चीत बसून शनिवारी स्नोडन चढणारे. व्यायामाने स्नायू जास्त दाद देतो तो लाभ दोन दिवसांच्या वर टिकत नाही, हे एक. दुसरे असे की सवय नसताना डोंगर उतरल्याने मांड्यांच्या तंतूंना बारीक इजा होते. ती भरून येईपर्यंत त्या स्नायूंत ग्लुट-४ची दारे उलट कमी असतात आणि एक-दोन दिवस ते इन्सुलिनला नेहमीपेक्षा कमी दाद देतात. जिना उतरताना कण्हावे लागते ते दिवस हेच. ऑफिसात दोन मजले रोज पायी चढणाऱ्याला यातले काही सोसावे लागत नाही.